'भिंत मारा की!' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अंगणातली फरशी काढून माती मोकळी करा, गाड्यांचा आवाज कमी होईल, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत : "झाडंझुडं लावून ट्रक गप्प बसतोय होय? आमचं घर निपाणीत हायवेला लागून, दुसऱ्या मजल्यावर. बागकाम राहू दे, सरळ भिंत मारा की."

झाडांबद्दल तुमचं बहुतेक खरं आहे. कंपाउंडला अशोकाची एक रांग लावली तर ट्रक दिसत नाही एवढंच, आवाज आरपार येतो. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत गच्च असा 30 मीटर रुंद पट्टा असेल तर पाचेक डेसिबल उतरतील. एवढी जागा कुणाकडे आहे? निलगिरीचं तर बोलूच नका, खाली नुसते खांब.

पण माझा रोख झाडांखालच्या मातीवर होता. टायरचा आणि रुळावरच्या चाकाचा आवाज जमिनीलगत निघतो. तो कानाकडे सरळही येतो आणि जमिनीवर आपटूनही. काँक्रीट त्याला जसाच्या तसा परतवतं. भुसभुशीत माती थोडा गिळते, आणि उरलेला असा उलटा परतवते की सरळ येणाऱ्या आवाजाला तो काही प्रमाणात मारतो. सलग रहदारीचा आवाज अंतर दुप्पट झालं की कडक जमिनीवरून 3 डेसिबलने उतरतो, मऊ जमिनीवरून साधारण 4.5 ने. दीड डेसिबल कानाला कळणारही नाही. पण रस्त्यापासून 10 मीटरवरून 80 मीटरवर जा, तीन दुपटी होतात : कडक जमिनीवरून 9 डेसिबल उतरतात, मऊ जमिनीवरून 13.5, म्हणजे साडेचारचा फरक. निम्मी वाहनं बंद केली तरी 3 च डेसिबल कमी होतात, हे लक्षात घ्या.

देसूरच्या बाजूला रुळालगत आमच्या पाहुण्यांचं भाताचं शेत आहे. उन्हाळ्यात नांगरलेल्या ढेकळांपलीकडून मालगाडी जाते तेव्हा नुसती घरघर. रोप लावणीच्या दिवसांत वाफ्यांत पाणी साचलं की तीच गाडी जणू बांधावरून चाललीय. आवाजाच्या दृष्टीने पाणी म्हणजे फरशीच.

आता तुमचा दुसरा मजला. तिथे माझी माती हरली, कबूल. उंचावर जमिनीचा हा परिणाम जवळजवळ उरत नाही. इंजिनाच्या हॉर्नलाही नाही, तो मुळात उंचावर असतो. मागच्या लेखात हे लिहायला हवं होतं.

पण भिंतही तुमच्या कामाची नाही! भिंत आवाज अडवते ती गाडी नजरेआड झाल्यावर. तुमच्या खिडकीतून ट्रक पुरता झाकायचा तर भिंत किती उंच लागेल ते गच्चीवर उभं राहून बघा. शिवाय मधे गेट ठेवलं तर आवाज तिथूनच आत येणार, आणि भिंतीवर आपटलेला समोरच्यांच्या घरात जाणार. मातीचा भराव भिंतीपेक्षा बरा, त्यावर गवत येतं. पण 3 मीटर उंच भरावाला दोन्ही बाजूंना एकास दोन उतार (एक मीटर उंचीला दोन मीटर आडवं) धरला तर पायाच 12 मीटर होतो. गावाबाहेर हायवेलगत जमेल, तुमच्या गल्लीत नाही.

नियमाने वस्तीत रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. हायवेला खेटून ती फक्त कागदावर.

तुम्ही आधी स्लायडिंग खिडकीच्या दोन पल्ल्यांमधली फट बघा. तिथून वारा येत असेल तर आवाजही तिथूनच येतोय. रबरी पट्टी लावा, आणि काय फरक पडला ते इथे कळवा.