‘फटाक्यांचे स्टॉल मैदानात हाकलले’ : त्या संदेशाला मुद्देसूद उत्तर

दसरा झाला की हा संदेश फिरायला लागतो. शब्द थोडे बदलतात, मजकूर तोच असतो. “चार दिवसांच्या दिवाळीसाठी फटाक्यांचे स्टॉल लांबच्या मैदानात हाकलले. कायदा इंग्रजांचा, आणि लावायचा फक्त आमच्या सणाला. लहानपणी गल्लीतल्या किराणा दुकानात फटाके मिळायचे, कधी काही झालं का? आता तर ग्रीन फटाके आलेत, त्यांचा धोकाच नाही. स्टॉलवर वाळूच्या बादल्या असतात, लागली आग तर विझवू. गरीब विक्रेत्याच्या पोटावर पाय देऊन ऑनलाइनवाल्यांची धन करायचा हा डाव आहे.”

मी नऊ दिवाळ्या मामांच्या फटाक्यांच्या स्टॉलवर उभा राहिलो आहे. खोकी फोडणं, माळा लावणं, हिशेब ठेवणं, रात्री मालाशेजारी झोपणं, सगळं केलंय. फटाक्यांवर माझा राग नाही. पण हा संदेश मामांसारख्यांच्या बाजूने बोलतोय असं भासवतो आणि त्यांनाच आगीच्या तोंडी देतो, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी गल्लीतलं दुकान, कारण सगळ्यांच्या मनात तेच असतं. माझ्याही आहे. काचेच्या बरणीशेजारी टिकल्यांच्या डब्या, लवंगीच्या माळा, नागगोळ्या. पण त्या दुकानात माल किती असायचा? एखादं खोकं. वर कौलं किंवा फार तर एक मजला. आज त्याच जागी चार-पाच मजली इमारत आहे. खाली गाळे, वर बिऱ्हाडं, आणि जिना दुकानाला चिकटून. जिन्याखाली मीटरची पेटी, दारात दहा-बारा दुचाक्या. गाळ्यात फटाके पेटले तर धूर आधी जिन्यात शिरतो, आणि वरच्यांना खाली यायला दुसरी वाट नसते.

२००८ चे स्फोटक नियम नेमकं हेच टाळायला सांगतात. फटाक्यांचं कायमस्वरूपी दुकान तळघरात नको, पोटमाळ्यावर नको, वर लोक राहत असतील तर त्यांच्या खाली नको, जिन्याजवळ आणि लिफ्टजवळ नको. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं हवं, आणि बाहेर पडायला आणखी एक वाट हवी. हे वाचून आपल्या पेठेतला एक तरी गाळा डोळ्यांसमोर आणा आणि त्याच्या वर कोण झोपतं ते आठवा.

“कधी काही झालं का?” झालंय, आणि आपल्याच राज्यात. २९ ऑक्टोबर २०१६ ला, ऐन दिवाळीत, तेव्हाच्या औरंगाबादेत जिल्हा परिषदेच्या मैदानावरचा फटाका बाजार पेटला आणि शंभराहून जास्त दुकानं जळाली. त्याच्या दोन वर्षं आधी, २०१४ च्या दिवाळीत, फरीदाबादच्या दसरा मैदानातला बाजार असाच गेला होता. इथे संदेशवाला म्हणेल, बघा, मैदानातही आग लागलीच ना? लागली. आणि ती कशी पसरते ते मी स्टॉलवर राहून ओळखतो, म्हणून इथे जरा थांबतो.

सणापुरत्या दुकानांचा नियम नुसतं “मैदानात जा” असं म्हणत नाही. दुकान न पेटणाऱ्या साहित्याचं हवं. दोन दुकानांत किमान ३ मीटर अंतर हवं. दुकानं समोरासमोर तोंड करून नकोत. वस्तीपासून ५० मीटर दूर हवीत. एका जागी ५० पेक्षा जास्त नकोत. उघडा दिवा, गॅसबत्ती नको, लोंबकळत्या वायरीवर बल्ब नको, दर रांगेला एक मुख्य स्विच हवा. आणि स्टॉलपासून ५० मीटरच्या आत फटाका वाजवून दाखवायचा नाही.

यातलं सगळ्यात आधी काय मोडतं, सांगू? ते ३ मीटर. आखणी होते तेव्हा फट असते. दुसऱ्या दिवशी तिच्यात रिकामी खोकी येतात, मग ताडपत्री, मग दोन्ही बाजूंच्या दुचाक्या, आणि शेवटी एखादा हौशी तिथेच टेबल टाकून फुलबाज्या विकायला बसतो. पत्र्याचं भाडं जास्त म्हणून मांडववाल्याकडून बांबू आणि कापड येतं. सगळ्या रांगेचा मिळून एकच मांडव होतो आणि पहिल्या स्टॉलची ठिणगी शेवटच्यापर्यंत कुठेच अडत नाही. मामा त्या फटीत कुणाला साधी पिशवीही ठेवू द्यायचे नाहीत. शेजारच्यांशी त्यावरून भांडणं झाली, बोलणंसुद्धा बंद झालं. तेव्हा मला ते हट्टी वाटायचे. पेटलेल्या बाजारात एक रांग जाते की सगळं मैदान जातं, हे त्या मोकळ्या फटीवर ठरतं, हे मला औरंगाबादचे फोटो पाहिल्यावर कळलं.

वाजवून दाखवण्याचंही तसंच. “हा सुतळी वाजतो ना?” असं विचारत एका गिऱ्हाइकाने आमच्या स्टॉलसमोरच तो पेटवला होता. आम्ही दोघं धावलो, मामांनी पायाने तो रस्त्याकडे ढकलला. त्या दिवशी वाचलो. पेरूच्या राजधानीत, लिमात, मेसा रेदोंदा नावाच्या गजबजलेल्या बाजारपेठेत २९ डिसेंबर २००१ ला असाच एक फटाका दाखवायला पेटवला गेला आणि आग लागली. रस्त्यांवर दुतर्फा विक्रेते आणि नववर्षाच्या खरेदीची गर्दी, त्यात बंब आत पोचायला वाट नव्हती. अडीचशेहून जास्त माणसं गेली.

म्हणून “फक्त आमच्या सणाला” हे म्हणणं मला पटत नाही. लिमात नाताळ नुकताच झाला होता. मेक्सिकोत तुल्तेपेकच्या फटाका बाजारात २० डिसेंबर २०१६ ला ४२ जण गेले, तेही नाताळच्या तोंडावर. नेदरलँड्समधल्या एन्शेडे शहरात १३ मे २००० ला वस्तीतलं फटाक्यांचं गोदाम उडालं, २३ माणसं गेली, त्यात ४ अग्निशामक जवान होते, आणि सुमारे ४०० घरं नष्ट झाली. दारू कुणाचा सण बघून पेटत नाही. आपल्याकडचे नियमही लग्नाच्या वरातीला, ३१ डिसेंबरला आणि निवडणुकीच्या विजयाला लागणाऱ्या मालाला तेच आहेत. दिवाळीला ते जास्त दिसतात, कारण विक्री दिवाळीला होते.

कायदा इंग्रजांचा, हे अर्धं खरं आहे. मूळ कायदा १८८४ चा आहे. पण वर सांगितलेले मीटर आणि मजले २००८ च्या नियमांतले आहेत, आणि ते राबवणाऱ्या स्फोटक सुरक्षा संघटनेचं मुख्यालय नागपुरात आहे.

ग्रीन फटाक्यांचंही मूळ नागपूरच, ‘नीरी’ ही संस्था. त्यांचा उद्देश धूर कमी करणं हा आहे. धुरातले कण साधारण ३० टक्क्यांनी कमी व्हावेत, असा तो हिशेब. पण धूर कमी म्हणजे पेट कमी नव्हे. ग्रीन फटाक्यातही दारूच असते, तो साठवायला परवानाही तोच लागतो. खोक्यावरचा हिरवा शिक्का पाहून कुणी ते देवघरातल्या समईशेजारी ठेवत असेल, तर त्याला हा संदेश जबाबदार आहे.

वाळूच्या बादल्या हव्यातच, आम्हीही भरून ठेवायचो. त्या पहिल्या अर्ध्या मिनिटासाठी असतात, एखादी माळ किंवा कापडाचा कोपरा पेटला तर. कागद, लाकूड जळायला बाहेरची हवा लागते, म्हणून ते झाकून गुदमरवता येतं. फटाक्याच्या दारूत प्राणवायू देणारं रसायन आधीच मिसळलेलं असतं, ती झाकली तरी जळत राहते. ढिगाने पेटलेला माल बादलीने विझत नाही. तिथे बंबवालेसुद्धा आजूबाजूचं वाचवण्यामागे लागतात, आणि त्यासाठी बंब आत यायला वाट लागते. तेव्हा माल पेटला की विझवत बसू नका, माणसं घेऊन पळा. परवान्यावर मालाची मर्यादा किलोत लिहिलेली असते, तीही याचसाठी.

आता पोटावर पाय. इथे संदेशात खरी वेदना आहे आणि ती मी नाकारणार नाही. माल महिने आधी उधारीवर उचललेला असतो. जागा कुठली मिळणार हे शेवटच्या आठवड्यापर्यंत कळत नाही. पोलीस, अग्निशमन, महापालिका असे तीन उंबरे झिजवायचे, आणि परवाना हातात पडतो तेव्हा विक्रीचे दिवस तीनच उरलेले असतात. मैदान लांबचं, बस नाही, दिवे नाहीत. मग माणूस परत घराखालच्या गाळ्यात माल लावतो. हा दोष अंतराच्या नियमाचा नाही, जागा वेळेत न देणाऱ्यांचा आहे, आणि त्यांच्याकडे मागणं वेगळं मागायला हवं. मैदानांची यादी गणपतीच्या आधी जाहीर करा. परवान्याला एकच खिडकी ठेवा. पत्र्याचे स्टॉल महापालिकेने उभारून माफक भाड्याने द्या. आखलेली ३ मीटरची फट रोज संध्याकाळी कुणीतरी येऊन बघा.

पण नियम सैल करून गरीब वाचतो, हे मला मान्य नाही. ७ ऑक्टोबर २०२३ ला बंगळुरूजवळ अत्तिबेलेच्या फटाक्यांच्या दुकान-गोदामात आग लागली, १४ हून जास्त माणसं गेली. त्यांत सणाच्या हंगामापुरती कामाला आलेली शिकणारी पोरं होती. मीही तसाच हंगामी पोरगा होतो, खोक्यांच्या आणि भिंतीच्या मध्ये उभा.

राहिली ऑनलाइनवाल्यांची धन. २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने फटाक्यांवर सरसकट बंदी घातली नाही. विक्री फक्त परवानाधारकांनीच करायची असं सांगितलं, आणि ऑनलाइन विक्रीवर बंदी घातली. तेव्हा नियम परवाना असलेल्या स्टॉलवाल्याचं गिऱ्हाईक त्याच्याकडेच ठेवतो. आणि मैदान लांब पडलं म्हणून गावी जाताना कुणी शहरातून पिशवीभर फटाके कोकणच्या गाडीत घेऊन बसू नका. रेल्वेच्या कायद्यात त्याला ३ वर्षांपर्यंत कैद आहे, आणि त्या डब्यात तुमचीच माणसं बसलेली असतात.