'आमच्या गावाला झेपेल असं वाजवा' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

जळगावच्या कार्यक्रमावर मी लिहिलं होतं, त्याखाली आपली प्रतिक्रिया वाचली. सही 'एक जुना श्रोता' अशी आहे. आपलं म्हणणं थोडक्यात असं: मी पियानोवर शूबर्ट या ऑस्ट्रियन संगीतकाराचा चाळीस मिनिटांचा सोनाटा (अनेक भागांची एक मोठी रचना) वाजवून लोकांना कंटाळा आणला, त्यातही सुरुवातीचा भाग 'दोनदा वाजवून वेळ काढला', मध्यंतरानंतर खुर्च्या रिकाम्या झाल्या, पत्रिका इंग्रजीत होती, वाजवण्याआधी मी चार शब्दही बोलले नाही. आणि शेवटी: 'मुंबईची हौस मुंबईत भागवा, आमच्या गावाला झेपेल असं वाजवा.'

पत्रिकेचं मान्य. ती मराठीतच हवी होती. चूक माझी आहे, आयोजकांची नाही.

आता 'वेळ काढला' या शब्दांबद्दल. समोर बसून दोन तास वाजवणाऱ्या माणसाला आपण हे इतक्या सहज कसं म्हणता? आवडलं नाही असं लिहा, मी वाचून गप्प बसेन. पण वेळ काढणं म्हणजे लबाडी, आणि तो आरोप मी ऐकून घेणार नाही. पुनरावृत्तीची खूण शूबर्टने स्वतः घातलेली आहे. ती पाळली नाही तर मागे फिरताना येणारे नऊ बार, म्हणजे तालाची नऊ आवर्तनं, ऐकायलाच मिळत नाहीत, कारण ते पुढे कुठेही येत नाहीत. सुरुवातीला डाव्या हाताला, पार तळाच्या सप्तकात, काळी तीनवर एक ट्रिल, म्हणजे दोन शेजारच्या सुरांची भरभर थरथर, आहे, कानावर पडेल न पडेल इतकी हळू. त्या नऊ बारांत तीच ट्रिल अंगावर येते. पहिल्या वेळी जी नुसती शंका होती ती तिथे खरी ठरते, आणि मग तोच शांत सूर पुन्हा सुरू होतो, पण आता तो आधीसारखा ऐकू येत नाही. हा सोनाटा सप्टेंबर १८२८ मध्ये पुरा झाला आणि १९ नोव्हेंबरला शूबर्ट गेला, एकतिसाव्या वर्षी. ब्रेंडेलसारखे मोठे पियानोवादक ही पुनरावृत्ती करत नसत, हे मला माहीत आहे. मला ते पटत नाही. मी ती जळगावात केली, मुंबईतही करते.

आपण बालगंधर्व महोत्सवाला नेमाने जाता असं लिहिलं आहे. तिथे विलंबित एकतालात तोच मुखडा पुन्हा पुन्हा समेवर येतो तेव्हा गायकाने वेळ काढला असं वाटतं का आपल्याला? नाही ना? मग इथेच का?

आता 'झेपेल'. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले आहे. मी भुसावळची. वडील रेल्वेत. पहिली ओळख पेटीशी, देवळातल्या भजनात. पियानो पाहिला तो शेजारच्या क्वार्टरमधल्या एका निवृत्त बाईंकडे. जुना, उभा, खालच्या सप्तकातल्या चार पट्ट्या मुक्या. त्यांनी मला फी न घेता सहा वर्षं शिकवलं. शाळेच्या स्नेहसंमेलनात मला बाख या जर्मन संगीतकाराचा एक छोटा तुकडा वाजवायचा होता. मुख्याध्यापक म्हणाले, 'आपल्या पोरांना हे झेपायचं नाही, एखादं सिनेमातलं बसव.' मी बसवलं. टाळ्या पडल्या, आणि मी घरी येऊन जेवले नाही. तोच बाख त्या रात्री आजीला ऐकवला, पेटीवर, जमेल तसा. आजी अमळनेरची, अहिराणी बोलणारी, कधी शाळेत न गेलेली. ती म्हणाली, 'गोड लागस. आखो वाजाड.' पुन्हा वाजव म्हणाली ती. तिला झेपलं. मग गावाला काय झेपतं हे आपण कोणत्या अधिकाराने ठरवता?

कार्यक्रम मी उगाच जड केलेला नव्हता. सुरुवातीचा बाखचा पहिला पार्टिटा (नृत्याच्या चालींवरच्या रचनांची माळ) आणि शेवटचा शूबर्ट, दोन्ही एकाच स्वरातले, पेटीवाले ज्याला काळी पाच म्हणतात त्या. निघालो तिथेच परत यायचं, म्हणून. मधे फ्रेंच संगीतकार द्यब्युसीची १९०३ ची तीन चित्रं, म्हणजे चित्रांसारख्या तीन रचना. त्यातल्या पॅगोडांच्या चित्राला १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात ऐकलेल्या जावाच्या गॅमेलानची, म्हणजे घंटा-घणांच्या वाद्यवृंदाची, आठवण आहे, त्यात पाच स्वरांचा असा खेळ आहे की भूप ऐकलेल्या कानाला तो परका वाटू नये. हे सगळं मी खानदेशातल्या कानांवर विश्वास ठेवून निवडलं. १९८६ मध्ये पियानोवादक रिख्तर सायबेरियाच्या वाटेने निघाला आणि लहान लहान गावांत वाजवत गेला. पियानोवादक सोकोलोव्ह एकच कार्यक्रम घेऊन महिनोन्‌महिने गावोगाव फिरतो. मोठ्या शहराला शूबर्ट आणि लहान गावाला बेथोव्हेनचा 'मूनलाइट' सोनाटा अशी वाटणी मी करणार नाही. आणि आपण ज्या 'मूनलाइट'ची शिफारस करता ते नावही बेथोव्हेनचं नाही, त्याच्या मृत्यूनंतर रेल्श्टाब या समीक्षकाच्या एका उपमेवरून चिकटलेलं आहे. आपल्याला त्यातला संथ पहिला भाग तेवढा अपेक्षित असणार. पुढचे दोन ऐकले आहेत का आपण कधी?

खुर्च्यांचं म्हणाल तर रावेर-यावलकडच्या लोकांना शेवटची एसटी गाठायची होती, तीनचार जण विंगेत येऊन तसं सांगून गेले. खालचे सूर थोडे उतरले होते असंही आपण लिहिलं आहे. पियानो त्याच दिवशी टेम्पोतून आला होता, यापलीकडे मला त्यावर बोलायचं नाही. वाजवण्याआधी बोलणं हा माझा पिंड नाही, तो विषय मी इथेच सोडते.

'आमच्या गावाला' असं आपण लिहिलंत, ते मात्र लागलं. ते गाव माझंही आहे. आजही आईकडे गेले की कळण्याची भाकरी आणि भरीत याशिवाय मी दुसरं काही मागत नाही. मुंबईत शिकायला जायची तेव्हा रात्रीच्या पॅसेंजरने जायची आणि दुसऱ्या रात्रीच्या गाडीने परत यायची. तेव्हा मला बाहेरची ठरवण्याआधी आपण थोडा विचार करायला हवा होता.

पुढचा कार्यक्रम धुळ्याला आहे. बाख, द्यब्युसी, शूबर्ट, याच क्रमाने, पुनरावृत्तीसकट. पत्रिका मराठीत असेल, आणि कार्यक्रम अर्धा तास लवकर सुरू होईल. आपण आलात तर पुढच्या रांगेत डावीकडे बसा, ती ट्रिल तिथून नीट ऐकू येते.