वकीलपत्र मी घेणारच

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर परत तसलाच, पोलिसांनी धरलेल्या पोरांचा व्हिडिओ. चार पोरं, हात जोडलेले, एक लंगडतोय आणि सगळे एका सुरात 'नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला' म्हणतायत. खाली टाळ्या, सॅल्यूट, फुलं. मी गप्पच बसणार होते, पण एका काकांनी लिहिलं की अशांचं वकीलपत्र घेणाऱ्या वकिलांनाही याच रांगेत उभं करा. मी स्वतः वकील आहे, आणि त्याला ज्यांनी अंगठे दिले त्यातले कितीतरी जण चेक बाऊन्स झाला की, भाडेकरू निघेना की, पोराच्या गाडीनं कुणाला धडक दिली की माझ्याच घराची बेल वाजवतात. म्हणून इथे लिहितेय.

मान्य आहे, २०२५ मध्ये नाशिक शहरात खून आणि कोयते वाढले, लोक घाबरले होते, आणि ऑक्टोबरमध्ये पोलिसांनी गुंडांविरुद्ध मोहीम काढली तेव्हा लोकांना बरं वाटलं. मलाही रात्री कोर्टाची कामं आटपून एकटीनं घरी यायचं असतं. पण मला सांगा, त्या रीलनं केस सिद्ध होते का? पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, इंग्रजांच्या काळापासून चालत नाही, आणि १ जुलै २०२४ ला नवे कायदे आले त्यातही भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये तेच आहे. मग ते हात जोडणं कुणासाठी? आपल्यासाठी. आपल्याला बघायला गार वाटतं म्हणून.

माझ्याकडे एक पोरगा होता. सातपूर एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला, आई धुणीभांडी करते. नाशिकची मोहीम सुरू व्हायच्या बऱ्याच आधीची गोष्ट, आणि दुसऱ्याच जिल्ह्यातली, पोलीस ठाण्याचं नाव घेत नाही. चेन स्नॅचिंगची केस. पुरावा काय, तर सीसीटीव्हीत त्याच्यासारखं जॅकेट. उचलला, कॅमेऱ्यासमोर उभा केला, 'परत करणार नाही' म्हणायला लावलं आणि व्हिडिओ सोडून दिला. नंतर ओळख परेड झाली, म्हणजे इतरांबरोबर रांगेत उभं करून ओळखायला लावलं, त्यात फिर्यादी बाईंनी त्याला पटकन ओळखला. ओळखणारच ना! आदल्या दिवशी तोच चेहरा त्यांच्या मोबाईलवर आला होता. त्या बाईंचा मला अजिबात राग नाही, त्यांच्या सासूनं दिलेलं मंगळसूत्र गेलं होतं, सांगताना हात सारखा गळ्याकडे जात होता. पण अशा परेडला कोर्टात काही किंमत उरत नाही हे पोलिसांनाही पक्कं माहीत असतं. म्हणजे खरा चोर धरला असता तरी या व्हिडिओपायी केसचं वाटोळंच झालं असतं.

रिमांडला मॅजिस्ट्रेटनं विचारलं, पोलिसांविरुद्ध काही तक्रार? पोरगा अनवाणी उभा होता कारण तळवे सुजून चपला चढत नव्हत्या. त्यानं आधी शेजारच्या हवालदाराकडे बघितलं आणि म्हणाला, नाही साहेब. मी मध्ये बोलले, त्याची वैद्यकीय तपासणी मागितली. काका, वकीलपत्र घेतलं म्हणजे हे केलं. यात कुठला गुन्हेगार वाचवला मी?

आणि नाशिककरांनी तरी हे विसरू नये. २००३ मध्ये नाशिकजवळच्या एका वस्तीवर दरोडा पडला, पाच जणांना मारलं, बलात्कार झाला. अंगावर काटा येतो अजून. सहा जण धरले, भटक्या जमातीतले, अतिशय गरीब. २००६ मध्ये नाशिकच्या सेशन्स कोर्टानं सगळ्यांना फाशी सुनावली, हायकोर्टात तिघांची जन्मठेप झाली, तर २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानं परत सहाही जणांना फाशीच सुनावली. म्हणजे संपलंच होतं सगळं. आणि त्याच सुप्रीम कोर्टानं मार्च २०१९ मध्ये सहाच्या सहा निर्दोष सोडले. का? तर घरातल्या जखमी बाईनं पोलिसांच्या फोटो अल्बममधून भलतेच चार जण ओळखले होते आणि त्यांचा तपासच झाला नव्हता! सोळा वर्षं गेली, सरकारनं प्रत्येकी पाच लाख द्यायचे असा आदेश झाला. त्यातला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. तेव्हा 'रांगेत उभं करा' म्हणणाऱ्यांचं ऐकलं असतं तर? आणि त्या पाच जणांच्या घरच्यांना तरी काय मिळालं?

माझ्याकडच्या त्या पोराचा जामीन झाला पण तो बाहेर आला नाही. कोर्टाला स्थानिक जामीनदार हवा होता. आई साडीच्या दुकानाच्या पिशवीत रेशनकार्ड, आधार आणि पेठ तालुक्यातल्या भावाचा सातबारा घेऊन आली, क्लार्कनं सातबारा उलटून बघितला आणि म्हणाला, मावशी, हा जिल्हा वेगळा. १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या एका गवंड्याच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं नेमकं हेच चूक ठरवलंय, त्याचाही जामीनदार भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला होता. एवढी वर्षं झाली आणि माझ्यापुढे परत तेच! गरीब कच्च्या कैद्यांच्या, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही त्यांच्या, जामिनासाठी पैशाची मदत द्यायची केंद्राची योजना २०२३ पासून आहे, पण त्या माऊलीला कुणी सांगितलं नव्हतं. देशातल्या तुरुंगांत चारातले जवळपास तीन कैदी कच्चे आहेत ते काय सगळे खुनी दरोडेखोर आहेत का हो?

शेवटी कंपनीच्या गेटवरच्या पंचिंगचं रेकॉर्ड मिळालं. त्या वेळी तो सेकंड शिफ्टला मशीनवर होता. खरी टोळी दुसरीकडेच सापडली, मंगळसूत्रही मिळालं, आणि पोलिसांनीच त्याच्याविरुद्ध पुरावा नाही असा कलम १६९ चा, आता नव्या कायद्यात १८९ चा, रिपोर्ट दिला. त्याचा मात्र कुणी व्हिडिओ केला नाही. ठेकेदारानं कामावर घेतलं नाही, म्हणाला, तुला सगळ्यांनी बघितलंय. बहिणीचं जमलेलं लग्न मोडलं.

काका, तुम्ही माझ्या वडिलांच्या वयाचे आहात, तुमच्याशी भांडायचं नाही. पण आरोपीचा खटला लढवायचा नाही असे बार असोसिएशनचे ठराव सुप्रीम कोर्टानं २०१० मध्येच बेकायदा ठरवलेत, तेव्हा मी उद्याही वकीलपत्र घेणार आहे, अगदी तुम्हाला नको असलेल्या माणसाचंही.

ज्यांची केस टिकली नाही किंवा जे निर्दोष सुटले त्यांचे व्हिडिओ पोलिसांनी काढलेच पाहिजेत, आणि तुम्हीही आज आपापल्या ग्रुपवरून डिलीट करा. कुणाच्या घरचं माणूस आत असेल आणि वकिलाला पैसे नसतील तर नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळ कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, अटकेतल्या माणसाला वकील फुकट मिळतो, तो त्याचा हक्क आहे. जामीन होऊन जामीनदारावाचून अडकला असेल तर तेही तिथेच सांगा. नाही जमलं तर मला मेसेज करा.