म्हणे, कोल्हापूर दिसत नाही!

मी शिवलेल्या कपड्यांबद्दल तिसऱ्यांदा तेच ऐकलं! ‘कलेक्शनमध्ये कोल्हापूर दिसत नाही.’ म्हणजे नेमकं पाहिजे काय? कुर्त्यावर कोल्हापुरी चपलेचा प्रिंट? पाठीवर गळ्यातल्या साजाचं चित्र? इचलकरंजीचं सुती कापड आणलं, बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेल्या कातड्याचा तो तांबूस रंग जुळवायला आठ दिवस घालवले, चपलेवरच्या वेणीसारखी वेणी खांद्यावर हातानं घातली. बोटं सोलवटली. अन् त्या वेणीला कुणी हात लावूनसुद्धा बघितलं नाही! २०१९ मध्ये चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते कारागिरांच्या या हातकामामुळं, चित्रामुळं नव्हे. कट चुकला तर जरूर सांगा. डावी बाही काखेत ओढतेय, हे मलाही दिसतंय; आज रात्री तीच उसवत बसलेय. वेणी मात्र काढणार नाही.