'मायनिंगचं कार्ड सोडून काहीही घ्या': चोर सोडून संन्याशाला फाशी

स्वस्तात गेमिंग पीसी जुळवायला निघालेल्या माणसाला हा संदेश कुणी ना कुणी पाठवतंच. त्याचा मजकूर साधारण असा: 'जुने पार्ट घ्या, पण मायनिंगला वापरलेलं ग्राफिक्स कार्ड हातात धरू नका, ते मेलेलंच असतं. बाकी सगळं बिनधास्त घ्या. प्रोसेसर कधी बिघडत नाही. पॉवर सप्लाय चालू झाला की झालं. एसएसडीची हेल्थ ९५ टक्क्यांच्या वर असली की पुरे. झिऑन घेतलात तर निम्म्या पैशात बारा कोर मिळतात.'

यातलं एक वाक्य बरंचसं खरं आहे, त्यावर पुढे येतो. बाकीचा सल्ला मात्र घाबरायचं तिथे घाबरत नाही आणि नको तिथे घाबरवतो.

'मायनिंगचं कार्ड मेलेलंच असतं.'

मायनिंग म्हणजे ग्राफिक्स कार्ड दिवसरात्र चालवून क्रिप्टोचलन कमावणं. कार्ड मरतं कसं, ते आधी बघू. चिप, तिच्याखालचा थर आणि बोर्ड गरम झाल्यावर वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात. मधले डाखाचे बारीक सांधे दर वेळी ताणले जातात आणि वर्षानुवर्षं हे चाललं की त्यांना तडे जातात. म्हणजे त्रास नुसत्या गरमीचा नाही, गरम-थंड-गरम या हेलकाव्यांचा जास्त. गेम खेळणाऱ्याचं कार्ड रोज हे हेलकावे खातं. मायनिंगचं कार्ड महिनोन्महिने एकाच तापमानावर बसलेलं असतं. शिवाय मायनिंग करणाऱ्याचा नफा विजेच्या बिलात जातो, म्हणून तो कार्डाची वीज स्वतःच कमी करून ठेवतो. हौशी गेमर ती वाढवतो.

मग मायनिंगचं कार्ड निर्धोक का? तसंही नाही. चोवीस तास फिरून पंख्यांचे बेअरिंग जातात, चिप आणि कूलरमधली पेस्ट सुकते, मेमरीवरचे थर्मल पॅड कडक होतात. पण यातलं बहुतेक सगळं बदलता येतं. माझ्याकडचं एएमडीचं आरएक्स ५७० असंच मायनिंगचं, विकणाऱ्याने ते स्वतःहून सांगितलं. पंखे आणि पेस्ट बदलली, त्यानंतर त्याने तक्रार केलेली नाही. एक अपवाद मात्र मी पाळतो. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०८० आणि ३०९० यांच्यातली जीडीडीआर६एक्स मेमरी. इथेरियम या क्रिप्टोचलनाच्या मायनिंगचं काम मेमरीवर पडायचं आणि या कार्डांची मेमरी ११० अंशांपर्यंत तापून कार्ड स्वतःच वेग कमी करायचं. अशा कार्डाचे पॅड कधी बदलले, हे विचारल्याशिवाय पुढे बोलू नये.

आणखी एक गोष्ट या संदेशात कधीच नसते. इथेरियमने १५ सप्टेंबर २०२२ ला ग्राफिक्स कार्डांवरचं मायनिंग बंद केलं आणि त्यानंतर घरगुती कार्डांवरचं मायनिंग जवळपास संपलं. म्हणजे 'मायनिंगचं आहे का?' हा प्रश्न त्याआधीच्या कार्डांपुरता. तिथेही उत्तर बहुधा 'नाही'च येणार आणि ते तपासायची सोय नाही. तपासता येतं ते कार्ड. अर्धा तास पूर्ण भारावर चालवा. चिपचं तापमान आणि हॉट स्पॉट (चिपवरची सर्वात तापलेली जागा) यांत २५-३० अंशांहून जास्त फरक पडला तर पेस्ट गेलीय किंवा कूलर नीट बसलेला नाही. पंख्याची घरघर ऐका, पडद्यावर ठिपके-चौकटी दिसतात का बघा, मागचं प्रत्येक पोर्ट लावून बघा. आरएक्स ४७० ते ५८० या कार्डांचं बायोस (कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर) मायनिंगसाठी बदललेलं असू शकतं. काही मॉडेलांवर दुसऱ्या बायोसचं बारीक बटण असतं, तेही सरकवून पाहा.

खरी फसवणूक दुसरीकडेच होते. जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआयसारख्या २०१०-११ च्या कार्डांचं बायोस बदलून ती नव्या जीटीएक्स १०५० टीआय म्हणून खपवली जातात. विंडोजसुद्धा तेच नाव दाखवतं. जीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर अशी बरीच कार्डं ओळखतं आणि नावापुढे चक्क 'फेक' लिहितं. दुसरा प्रकार कायदेशीर, पण तितकाच चीड आणणारा: 'आरएक्स ५८० २०४८एसपी'. मूळ ५८० मध्ये २३०४ शेडर (चित्राची गणितं करणारे छोटे भाग), यात नावाप्रमाणे २०४८, म्हणजे ५७० एवढेच. ५८० च्या किमतीत ५७०.

'पॉवर सप्लाय चालू झाला की झालं.'

या संदेशातलं सगळ्यात घातक वाक्य हे. इतर पार्ट बिघडले तर एकटे जातात, पॉवर सप्लाय जाताना बोर्ड आणि कार्डालाही घेऊन जाऊ शकतो. त्यातले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर वापराने सुकत जातात. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं होतं. कपॅसिटर सुकला तरी पीसी सुरू होतो, डेस्कटॉप दिसतो, विकणारा 'बघा' म्हणतो. खरी परीक्षा गेममध्ये होते, कारण ग्राफिक्स कार्ड काही मिलिसेकंदांपुरती सरासरीपेक्षा बरीच जास्त वीज ओढतं. जादा व्होल्टेज किंवा शॉर्ट सर्किट झाल्यावर सप्लाय स्वतःला बंद करतो की नाही, हे घरी तपासायला साधन नाही.

त्यातून मॉड्युलर, म्हणजे केबली काढता-लावता येणारा सप्लाय असेल तर केबलींचा घोळ वेगळाच. सप्लायच्या बाजूच्या पिनांची मांडणी प्रमाणित नाही. दुसऱ्या कंपनीची केबल खटकन बसते आणि हार्ड डिस्कच्या ५ व्होल्टच्या वायरीत १२ व्होल्ट जातात. डिस्क गेली. जुन्या पेटीत 'जवळच्या होत्या त्या' केबली भरून दिलेल्या मी पाहिल्या आहेत.

मी सप्लाय नवाच घेतो. बजेट कमी असेल तर कार्ड एक पायरी खालचं घेतो.

'प्रोसेसर कधी बिघडत नाही.'

हे ते बरंचसं खरं वाक्य. प्रोसेसर फार क्वचित मरतो, आणि जुन्या बाजारात मी सर्वात निर्धास्तपणे घेतो तो हाच. अपवाद इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतल्या वरच्या मॉडेलांचा. चुकीच्या, वाढीव व्होल्टेजमुळे ते हळूहळू झिजत होते. ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ हा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सॉफ्टवेअरची दुरुस्ती) आला, इंटेलने वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. पण मायक्रोकोड पुढची झीज थांबवतो, झालेली भरून काढत नाही. गंमत म्हणजे असा प्रोसेसर गेममध्ये बऱ्याचदा 'व्हिडिओ मेमरी संपली' अशी चूक दाखवतो आणि माणूस बिचाऱ्या ग्राफिक्स कार्डाला शिव्या घालतो.

पिनाही बघा. एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या रायझनमध्ये त्या प्रोसेसरच्या पोटाशी असतात, इंटेलच्या बाबतीत मदरबोर्डाच्या सॉकेटमध्ये. म्हणजे इंटेलचा जुना बोर्ड घेताना सॉकेटचा जवळून काढलेला फोटो मागायचा.

'झिऑनमध्ये बारा कोर.'

झिऑन म्हणजे इंटेलचे सर्व्हरसाठीचे प्रोसेसर. त्यातल्या ई५-२६७० व्ही३ मध्ये बारा कोर आहेत, हे खोटं नाही. पण तो २०१४ चा, आणि त्याचा एखादा कोर फार तर ३.१ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. रायझन ५ ५६०० मध्ये सहाच कोर, पण ४.४ गिगाहर्ट्झचे आणि रचनेने कित्येक वर्षं नवे. गेमचा वेग बहुधा एक-दोन मुख्य थ्रेडवर अडतो, बाकीचे दहा कोर बसून बघतात. व्हिडिओ रेंडर करायचे असतील तर गोष्ट वेगळी. शिवाय तो झिऑन विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

'एसएसडीची हेल्थ ९५ टक्के.'

तो आकडा प्रामुख्याने किती लिहून झालं तेवढंच सांगतो. एसएसडी चालवणारी चिप, म्हणजे कंट्रोलर, उद्या बंद पडणार का, हे त्यात नसतं. गेम साठवायला जुनी चालेल, विंडोजसाठी आणि फोटोंसाठी नाही. हार्ड डिस्कच्या 'स्मार्ट' या आरोग्य-नोंदीत ०५ (बदललेले खराब भाग) आणि सी५ (खराब असल्याचा संशय असलेले भाग) या ओळींच्या 'रॉ' आकड्यात शून्याशिवाय काही दिसलं तर परत करा.

संदेशात ज्याचा उल्लेखच नाही ते वय मी सगळ्यात आधी बघतो. जीटीएक्स १०६० कितीही जपून वापरलेलं असलं तरी एनव्हिडियाने त्या पिढीसाठी गेमचे नवे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले, आता ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट. २०१९ मध्ये आलेल्या दोन कार्डांची तुलना करा: आरएक्स ५७०० एक्सटी आणि आरटीएक्स २०६०. नुसता वेग मोजला तर ५७०० एक्सटी पुढे, मेमरीही ६ ऐवजी ८ जीबी. पण त्यात रे ट्रेसिंगचं (प्रकाशाचे किरण हुबेहूब मोजून चित्र काढण्याचं) हार्डवेअर नाही, आणि २०२४ पासून काही मोठे गेम ते नसेल तर विंडोजवर सुरूच होत नाहीत. जुने आणि ऑनलाइन गेमच खेळणाऱ्याला मी आजही ५७०० एक्सटी सुचवेन. नव्या गेमची हौस असणाऱ्याला २०६०, मग ते मायनिंगचं का असेना.