इंग्रज गेले म्हणून जुना टीव्ही फुकट? जरा थांबा

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय, की हाँगकाँगवर इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा टीव्हीच्या प्रक्षेपणाला कॉपीराइट नव्हताच, आणि जो काय थोडाफार होता तो १९९७ ला इंग्रजांबरोबर बोटीत बसून गेला, सबब त्या काळातल्या सिरियल, बातम्या सगळं उचला आणि बिनधास्त आपल्या चॅनेलवर टाका. मला तिघांनी पाठवला, तिघांनीही वर "माहितीपूर्ण" लिहून.

"कायदाच नव्हता" हे घ्या आधी. यात अर्धं खरं आहे म्हणूनच तो मेसेज पचतो. १९११ चा ब्रिटिश कायदा वसाहतींना लागू होता पण त्यात प्रक्षेपणाचा शब्दही नाही, असणार कुठून, बीबीसीची नियमित टीव्ही सेवाच १९३६ ची. पण हा काही वसाहतीवरचा अन्याय नव्हता हो, खुद्द इंग्लंडमधे सुद्धा प्रक्षेपणाला स्वतंत्र कॉपीराइट मिळाला तो १९५६ च्या कायद्याने, कलम १४, अंमल १ जून १९५७ पासून, आणि तोही फक्त बीबीसी आणि तिकडच्या आयटीए (खाजगी टीव्ही सांभाळणारी सरकारी संस्था) या दोघांच्या प्रक्षेपणाला. म्हणजे १९५३ चा राणीचा राज्याभिषेक लोकांनी टीव्हीपुढे गर्दी करून पाहिला, त्या प्रक्षेपणाला प्रक्षेपण म्हणून काहीच संरक्षण नव्हतं.

मग काहीजण उलट टोकाला जातात, "लंडनला कायदा झाला की वसाहतीत आपोआप लागू". तेही नाही. १९५६ चा कायदा वसाहतीत न्यायचा तर वेगळा हुकूम काढावा लागायचा, आणि हाँगकाँगसाठी तो निघाला १९७२ मधे. (आपलं मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेच वर्ष, २ ऑक्टोबर.) तिकडे टीव्हीबी हे हाँगकाँगचं चॅनेल १९६७ पासून चालू होतं, म्हणजे पहिली पाच वर्षं १९११ च्याच कायद्यावर गेली. अजून एक गंमत, रिडिफ्यूजन या तिथल्याच दुसऱ्या कंपनीचा टीव्ही १९५७ पासून होता पण तो तारेतून घरी यायचा, आपल्या केबलवाल्यासारखा, आणि १९५६ च्या कायद्यात प्रक्षेपण म्हणजे बिनतारीच, तारेतलं त्यात बसत नाही. घरात बघणाऱ्याला काय फरक, डबा तोच, पण वकिलाला फरक पडतो.

आता १९९७ वाली बोट. हाँगकाँगचा स्वतःचा कॉपीराइट कायदा लागू झाला २७ जून १९९७ ला, हाँगकाँग चीनकडे गेलं त्या सत्तांतराच्या चार दिवस आधी. हे योगायोगाने नाही झालं, लंडनचे कायदे गेल्यावर खड्डा पडू नये म्हणूनच केलं ना ते! प्रक्षेपणाची मुदत त्यात ५० वर्षं, ज्या वर्षी दाखवलं ते वर्ष संपल्यापासून मोजायची. १९८० चं प्रक्षेपण असेल तर २०३० च्या डिसेंबरअखेरपर्यंत हात लावायचा नाही. आपल्याकडे याला प्रक्षेपण-पुनरुत्पादनाचा हक्क म्हणतात आणि मुदत २५ वर्षं, म्हणून आपला हिशोब तिकडे लावणारेही फसतात.

आणि मेसेजवाल्याने सगळ्यात मोठा घोळ इथे घातलाय: प्रक्षेपण वेगळं आणि त्यात दाखवलेली वस्तू वेगळी. समजा प्रक्षेपणाचा हक्क संपला किंवा कधी नव्हताच, तरी सिरियलची फिल्म, संवाद, टायटलचं गाणं, प्रत्येकाचा कॉपीराइट आपापला चालू असतो, आणि फिल्मचा तर तिकडे दिग्दर्शक, लेखक वगैरे ठरावीक मंडळींपैकी शेवटचा माणूस गेल्यावर पुढे ५० वर्षं. दूध संपलं म्हणून म्हैस आपली होत नाही.

"पण लोक घरी व्हीसीआरवर टेप करायचेच की." करायचे. १९५६ च्या कायद्यातही खाजगी वापरासाठी प्रक्षेपण टेप केलं तर प्रक्षेपणाच्या हक्काला धक्का नव्हता. पण मामाच्या कपाटातली जाहिरातींसकट टेप केलेली कॅसेट म्हणजे खाजगी, तीच कॅसेट चॅनेलवर टाकून वर जाहिरातीचे पैसे घेणं म्हणजे खाजगी नाही.

एकाने खाली विचारलंय, मग पोर्तुगीज गोव्यातल्या टीव्हीचं काय. अहो, १९६१ पर्यंत गोव्यात टीव्हीच नव्हता.