पदकाआधीची खुर्ची

मी मूळचा तासगावचा असून गेली अकरा वर्षे ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे राहतो. १९८४ आणि १९८८ अशा दोन हिवाळी पॅरालिंपिक स्पर्धा याच शहरात झाल्या. आमच्या इमारतीतील सतरा वर्षांची एक मुलगी, जिच्या दोन्ही पायांतील शक्ती लहानपणीच्या अपघातात गेली, यंदा बैठ्या गटातून स्कीइंगच्या युरोप चषकाच्या शर्यतींना उतरू लागली आहे.

तिचे साधन म्हणजे अंगाला घट्ट बसणारे आसन, त्याखाली मोटारसायकलला असतो तसा शॉकॲब्सॉर्बर आणि त्याखाली एकच स्की. हातांत टोकाला छोट्या स्की जोडलेल्या काठ्या. किंमत काही लाख रुपये. पहिले दोन हिवाळे तिने ते विकत घेतलेच नाही, क्लबाने वापरायला दिले. उभे, बैठे आणि दृष्टिबाधित असे तीन गट असतात, आणि एकाच गटातील अपंगत्वाची तीव्रता वेगवेगळी असल्याने प्रत्येकाच्या प्रत्यक्ष वेळेला ठरावीक गुणांकाने गुणून निकाल लावतात. हे सांगितल्यावर गावाकडचे एक काका म्हणाले, "म्हणजे सवलतच की." कुस्तीतल्या वजनगटांना सांगलीत कोणी सवलत म्हटल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

पॅरिसच्या २०२४च्या स्पर्धांनंतर हरियाणा खेळाडूंना किती कोटी देतो आणि महाराष्ट्र किती, यावर आपल्याकडे बरीच चर्चा झाली. ती रास्तच होती. आटपाडी तालुक्यातील करगणीच्या सचिन खिलारी यांनी तेथील पॅरालिंपिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळवले. त्यांना कितीही दिले तरी मला ते जास्त वाटणार नाही. वाळवा तालुक्यातील पेठच्या मुरलीकांत पेटकरांनी तर १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकले होते आणि त्यांना पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडले. मात्र बक्षिसाचा वाद घालताना आपण पदकानंतरच्या दिवसांविषयीच बोलतो. पेटकरांना १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, पण त्याआधीच ते लष्कराचे खेळाडू होते. ज्याला लहानपणीच अपंगत्व आले, त्याला पहिली संधी कोण देणार?

माझ्या चुलतभावाच्या एका पायाला पोलिओ होता. जोंधळा राखताना त्याच्या गोफणीचा धोंडा आमच्या दुप्पट लांब जाई. शाळेत खेळाच्या तासाला मात्र त्याला सगळ्यांची दप्तरे सांभाळायला बसवत, आणि त्यात कोणाला, अगदी घरच्यांनाही, काही वावगे वाटले नाही.

इथले सगळेच आदर्श आहे, असेही नाही. मुलीची आई दर शनिवारी पहाटे गाडी काढते, तिने नोकरीचे तास कमी करून घेतले आहेत, आणि ज्या घरांना ते परवडत नाही त्यांची मुले इथेही मागे पडतात. शिवाय बर्फ काही आपण सांगलीत आणू शकत नाही. बैठ्या गोळाफेकीला मात्र त्याची गरज नसते. त्यासाठी जमिनीला पट्ट्यांनी घट्ट बांधलेली लोखंडी खुर्ची लागते, जिची बैठक गादीसकट ७५ सेंटीमीटरपेक्षा उंच नसावी, एवढा नियम पाळावा लागतो. कुपवाडच्या एमआयडीसीत असले काम करणारे वेल्डर गल्लोगल्ली आहेत. प्रत्येक तालुक्याच्या क्रीडासंकुलात अशी एक खुर्ची ठेवावी आणि तिथवर पोहोचायला पायऱ्यांशेजारी उतार बांधावा. मागच्या आठवड्यात चुलतभावाला फोनवर हे सांगितले, तेव्हा त्याने एकच विचारले, "आणि मास्तर?"